पोलक्याआतली बंडी

डॉक्टरांनी मला सकाळी चालायला सांगितलं आहे. रोज तीन मैल, जमेल तितकं चढावर, आणि थंडीतसुद्धा चुकवायचं नाही. सांगताना त्यांनी कपड्यांबद्दलही चार शब्द सुनावले. मफलर गुंडाळा, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावा, कानटोपी विसरू नका. मी मान डोलावली आणि घरी येऊन बरोबर उलटं केलं. लोणावळ्याच्या थंडीत चढ चढायचा तर आत सैल सुती कपडा हवा, त्यावर लोकर, आणि सगळ्यात वर वारा अडवेल असं काहीतरी. घरातून निघताना जरा गारच वाटलं पाहिजे. अंग तापायला लागलं की वरचं उतरवून खांद्यावर टाकायचं आणि थांबायची वेळ आली की आधी ते पुन्हा अंगात घालायचं. घाम अंगावर वाळू द्यायचा नाही. शास्त्र म्हणतात ते एवढंच आहे.

मला ते कुठल्या डॉक्टरने शिकवलं नाही. कुसगावच्या एका दूधवाल्याने आमच्या ओसरीवर उभं राहून ते आमच्या अण्णांना सांगितलं होतं. अण्णांनी ऐकून सोडून दिलं. मी दाराआड होते, मी ऐकून ठेवलं. आज पंधरा वर्षं होत आली, थंडी पडली की अंगात काही घालताना मला तो माणूस आठवतो आणि स्वतःचा राग येतो. राग येऊन आता काही होणार नाही हे कळतं, तरी येतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेच्या मोठ्या कचेरीत जन्म घालवून निवृत्त झाले आणि हवा चांगली म्हणून लोणावळ्यात घर बांधून राहिले. व्यायामाचं त्यांना वेड. पौष असो की माघ, पहाटे उघड्या अंगाने ओट्यावर नमस्कार घालायचे आणि रस्त्याने जाणारा येणारा बघतो आहे ना, याकडे त्यांचं अर्धं लक्ष असायचं. शेवटचा नमस्कार संपायच्या आत बंबातलं कढत पाणी न्हाणीत काढलेलं असलं पाहिजे आणि अंघोळ होताच फ्लॅनेलचा सदरा हातात मिळाला पाहिजे. पाणी काढायला आई आणि सदरा धरायला मी. रस्त्यावरच्या माणसांना फक्त नमस्कार दिसायचे. ‘थंडी ही मनात असते,’ हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. ते म्हणताना त्यांच्या अंगात बहुतेक वेळा फ्लॅनेल असायचं.

असा माणूस मुलींच्या शाळेच्या समितीचा चिटणीस झाला, मग कवायत सुरू व्हायला कितीसा वेळ? शाळा सकाळची होती. पत्र्याची एक लांबलचक इमारत, पुढे मैदान, मैदानाला करवंदीच्या जाळ्यांचं कुंपण, आणि दरीकडून येणारा वारा अडवायला मध्ये काही नाही. अण्णांनी ठरवलं की रोज शाळा भरायच्या आधी अर्धा तास सगळ्या मुलींनी मैदानावर कवायत करायची. पुण्याहून एक बाई आणल्या. बाई तरुण होत्या, नोकरीची गरज होती आणि अण्णांना घाबरायच्या. त्यांच्या अंगावर जाड लोकरीची शाल असायची. शिकवणाऱ्याला व्यायाम नसतो ना, म्हणून.

मी तेव्हा सातवीत होते. सातवीत आम्ही सगळ्या मिळून नऊ मुली आणि त्यातली एक कुसगावची. वर्गात तिला सगळ्या कुसगावच म्हणायच्या. तीही त्या हाकेला ओ द्यायची. तिचे वडील शेतकरी, घरचं जनावर चांगलं, आणि लोणावळ्यातल्या बंगल्यांना ते दुधाचे रतीब घालायचे. आमच्याकडेही त्यांचंच दूध यायचं. पहाटे बापलेक बरोबर निघायची, तो दुधाच्या कासंड्या घेऊन आणि ती पाटी-दप्तर घेऊन. त्याचे रतीब होईपर्यंत ती शाळेत पोचलेली असायची. गणितात तिच्या पुढे कोणी नव्हतं. मी दुसरी यायची आणि मला त्याचं वाईट वाटायचं. वाईट वाटतं म्हणून तिला शुद्धलेखनावरून चिडवायची.

तिला मास्तरीण व्हायचं होतं. ‘आमच्या गावात पोरींला शिकवाया कोन न्हाई,’ ती म्हणायची. ‘मी फायनल झाले का आमच्या वट्यावर शाळा भरवनार. बाबा व्हय म्हनलाय.’ बाबा हो म्हणाला होता खरा, पण भाऊबंद त्याच्या कानीकपाळी ओरडत होते की पोरगी चौदाची झाली, आता उजवून टाक. त्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की ही सातवीची फायनलची परीक्षा होऊ द्या, मग बघू. म्हणजे त्या चैत्रात ती परीक्षेला बसली तर मास्तरीण, न बसली तर लग्न. मधली वाट नव्हती. हे वर्गातल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्या आठवड्यात कवायतीला ज्या मुली आल्या त्या बघण्यासारख्या होत्या. एकीच्या अंगात मुंबईहून आणलेला लाल स्वेटर, एकीने बापाचा जुना कोट बाह्या दुमडून घातलेला, दोघींनी आईच्या शाली छातीवर बांधलेल्या. आणि कुसगाव आली ती काळ्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन. अण्णा त्या दिवशी बघायला आले होते. त्यांना हसू आलं आणि रागही आला. ‘ही कवायत आहे की आठवड्याचा बाजार?’ म्हणाले.

मग समितीची सभा झाली आणि नियम निघाला. कवायतीला सगळ्या मुलींनी पांढरं परकर-पोलकं घालायचं, कमरेला निळा पट्टा बांधायचा. अंगावर लोकरीचं काही नाही, शाल नाही, घोंगडी नाही. कारण अण्णांनी मोठं सुंदर दिलं. म्हणाले, एका रांगेत स्वेटर आणि घोंगडी शेजारी शेजारी उभी राहिली तर गरिबाच्या मुलीला काय वाटेल? सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत. व्यायामाने अंग आपोआप तापतं, लोकर कशाला हवी? सभेत टाळ्या पडल्या. आईने मला हे रात्री जेवताना सांगितलं तेव्हा मलाही अण्णांचा अभिमान वाटला. गरिबाच्या मुलीला काय वाटतं हे कोणी गरिबाच्या मुलीला विचारलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई पांढऱ्या लोकरीचा गुंडा घेऊन बसली. चार दिवसांत तिने एक बिनबाह्यांची बंडी विणली, अगदी अंगाबरोबर बसणारी, गळा खोल, म्हणजे पोलक्यातून दिसू नये. ‘लहानपणी तुझी छाती भरायची,’ ती म्हणाली. ‘आतून घालत जा. कोणाला बोलू नकोस.’

‘अण्णांना?’

‘अण्णांनाही नको.’

मी घातली. ऊब म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अण्णांपासून ती बंडी चोरून ठेवायची म्हणून मी आठ दिवस जीव मुठीत धरून होते. आणि नवव्या दिवशी अण्णा जेवता जेवता आईला म्हणाले, ‘ती हिची बंडी बाहेर दोरीवर वाळत घालू नका. रस्त्यावरून दिसते.’ एवढं म्हणून त्यांनी ताकाची वाटी पुढे केली. आईने ताक वाढलं. तेव्हापासून माझी बंडी माजघरात वाळू लागली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आम्हाला चौथीच्या पुस्तकात होती. मी ती पाठ केली होती. घरात ती माझ्या समोर जेवायला बसते हे काही पुस्तकात नव्हतं.

आता कुसगावचं काय व्हायचं ते सांगते. आम्ही गावातल्या मुली पाच मिनिटांत मैदानावर पोचायचो. ती अडीच-तीन मैल चालून यायची, अर्धी वाट चढाची. शाळेशी येईपर्यंत घोंगडीखाली तिचं अंग घामेजलेलं असायचं. फाटकात आल्याबरोबर बाई म्हणायच्या, घोंगडी काढ. ती घोंगडी काढून करवंदीच्या जाळीवर टाकायची, तिथे ती दवाने भिजायची. आणि ओल्या पोलक्यानिशी ही रांगेत उभी राहायची. सगळ्या मुली येईपर्यंत उभंच राहायचं असे. मग हजेरी, मग प्रार्थना, आणि मग कुठे हातपाय हलवायची परवानगी. तोवर दरीचा वारा तिच्या पाठीतून आरपार गेलेला असायचा. व्यायामाने अंग तापतं हे खरं आहे, पण उभं राहून तापत नाही. हे समितीतल्या एकालाही सुचलं नाही. कारण समितीतला एकही जण त्या वेळी अंथरुणातून उठलेला नसायचा. अण्णा उठलेले असत, पण ते बंबाजवळ असत.

तिचे दात वाजायचे. बाईंना ते ऐकू जायचं. ‘शेतकऱ्याची मुलगी ना तू? एवढ्याशा थंडीने कुडकुडतेस?’ असं म्हणून बाई माझ्याकडे बोट करायच्या. ‘हिच्याकडे बघा. अंगावर एक काटा आहे का? घरचं वळण म्हणतात ते हे.’

सगळ्या माझ्याकडे बघायच्या. मी छाती काढून उभी राहायची. खरं सांगते, मला आवडायचं. काही दिवसांनी तर मी विसरूनही गेले की बंडी आहे म्हणून मी अशी उभी आहे. मला वाटायला लागलं की आपण जात्याच काटक आहोत.

उंचीने आम्ही दोघी सारख्या, म्हणून जोडीच्या कवायतीत आमची जोडी होती. एक प्रकार असा होता की एकीने पुढे उभं राहून मागे वाकायचं आणि दुसरीने मागून तिची कंबर दोन्ही हातांनी धरायची. तिचे हात इतके गार असायचे की बंडीतूनसुद्धा लागायचे. आकडे मोजून संपले तरी ती हात लवकर काढायची नाही. बाई ओरडायच्या, मग काढायची. मला वाटायचं, आडदांड पोरगी, हिला ताल कळत नाही. तसं मी तिला एकदा बोलूनही दाखवलं.

माघात एक पाहुणे यायचे ठरले. मुंबईचे कोणी बडे गृहस्थ होते, लोणावळ्यात त्यांचा बंगला होता आणि शाळेला ते खोल्या बांधून देतील अशी अण्णांना आशा होती. त्यांना कवायत दाखवायची होती. आम्हाला सात वाजता बोलावलं. पाहुणे आठ वाजता आले. तोवर आम्ही उभ्या. ते आल्यावर कवायत झाली आणि फार चांगली झाली हे कबूल करायला पाहिजे. लेझीम झाली, काठी झाली, जोडीचे प्रकार झाले, शेवटी मैदानाला पाच फेऱ्या पळायच्या होत्या त्याही झाल्या. आम्ही सगळ्या घामाने निथळत होतो. मग पुन्हा रांगा करून आम्हाला उभं केलं आणि पाहुणे भाषणाला उठले.

त्यांच्या अंगात लांब कोट होता, गळ्यात मफलर होता आणि हातात मोजे होते. भाषणाचा विषय होता, काटक स्त्री आणि राष्ट्र.

ते किती वेळ बोलले मला सांगता येणार नाही. वारा सुटला होता. माझी एकटीची पाठ उबेत होती, तरी हात बधिर झाले. लहान वर्गातली एक मुलगी रडायला लागली, बाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. आणि मग माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. कुसगाव रांगेतून बाहेर पडली होती. ती पळाली नाही, लपली नाही. सरळ मैदान ओलांडून जाळीपाशी गेली, आपली घोंगडी उचलली, झटकली आणि पांघरली. परत येताना त्या रडणाऱ्या मुलीपाशी थांबली, घोंगडीचा एक पदर तिच्या अंगावर घेतला आणि तिथेच तिला धरून उभी राहिली.

पाहुणे बोलता बोलता थांबले. मग हसले आणि म्हणाले, ‘वा, धनगरांचं एक पथकही आहे वाटतं.’ मंडळी हसली. अण्णाही हसले. पण मी त्यांची मुलगी आहे, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. तिने सगळ्या शाळेसमोर बाईंची माफी मागायची आणि पुन्हा नियम मोडणार नाही असं म्हणायचं. नाहीतर फायनलच्या अर्जावर समिती चांगल्या वर्तनाचा शेरा देणार नाही. शेरा नसला की अर्ज पुढे जात नसे. तिने माफी मागितली नाही. बाईंना ती एवढंच म्हणाली, ‘त्या बारकीला थंडी वाजत हुती.’

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून झाल्यावर तिचे वडील आमच्या ओसरीपुढे उभे राहिले. बरोबर ती होती. ती खाली अंगणात, रिकाम्या कासंडीशी. कवायतीला निघायची वेळ झाली होती म्हणून मी पांढरं परकर-पोलकं घालून तयार होते आणि दाराआडून बघत होते.

‘सायेब,’ ते म्हणाले, ‘पोरीचा अर्ज जाऊं द्या. तिनं काय चोरी न्हाई केली.’

‘चोरीचा प्रश्न नाही,’ अण्णा म्हणाले. ते त्या माणसाला अरे-तुरे करायचे. तो त्यांच्याहून वयाने फार लहान नसावा. ‘हे बघ, नियम सगळ्यांना एक आहे. शिस्त म्हणून काही आहे की नाही?’

‘शिस्त असंल. पर सायेब, एक सांगू का? माज्याकडं गाड्याचे बैल हायेत. जत्रंला शर्यतीत पळत्यात. पळून आला का बैल घामानं भिजतो. तवा आमी पयलं काय करतो, ठावं हाय? त्याला हुभा करत न्हाई. अंगावर झूल टाकतो, न्हाई तर आपली घोंगडी टाकतो, आन फिरवतो. वारं लागू देत न्हाई. घामेजल्या जनावराला वाऱ्यात हुभं केलं का ते बसलंच म्हनून समजा. आमच्यातलं शेंबडं पोरगंबी हे जानतं. माजी पोर तसंच शिकली. तिचं चुकलं काय?’

एवढं बोलताना त्यांनी आवाज चढवला नाही. जे आहे ते सांगितलं.

अण्णा मूर्ख नव्हते. आपल्या कढत पाण्याची आणि फ्लॅनेलच्या सदऱ्याची त्यांना त्या क्षणी आठवण झाली असणारच, असं मला आजही वाटतं. पण ओसरीवर बसलेला माणूस अंगणातल्या माणसापुढे नमत नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांना मी दिसले.

‘इकडे ये,’ ते म्हणाले. मी बाहेर आले. ‘ही माझी स्वतःची मुलगी. त्या दिवशी त्याच रांगेत होती, त्याच कपड्यांत. तिला मी काही वेगळं वागवलं नाही. तिलाच विचार.’ आणि माझ्याकडे वळून, ‘सांग त्याला. थंडी वाजली तुला?’

अंगणातून तिने वर पाहिलं. तिची नजर माझ्या तोंडावर होती, पोलक्यावर नव्हती. तिच्या वडिलांनीही पाहिलं. आत स्वयंपाकघरात आईचं काहीतरी चाललं होतं ते थांबलं. अण्णांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा थोडी भीती दिसली, कारण त्यांना ठाऊक होतं की बंडी या घडीलाही माझ्या अंगात आहे. पोलक्याचं वरचं बटण काढलं असतं तरी पुरे होतं. बोलायचीही गरज नव्हती.

‘नाही,’ मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही. मला थंडी वाजली नव्हतीच.

तिच्या वडिलांनी मान हलवली. ‘मग ऱ्हायलं,’ म्हणाले. त्यांनी कासंडी उचलली, मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं फाटकातून बाहेर पडली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडचं दूध बंद झालं. अण्णा म्हणाले, माजले आहेत लेकाचे. आईने दुसरा गवळी बघितला.

ती शाळेत पुन्हा आली नाही. वैशाखात तिचं लग्न झालं, गावातच दिली असं कानावर आलं. चैत्रात मी फायनलला बसले आणि गणितात पहिली आले. कारण उघड होतं. अण्णांनी पेढे वाटले.

आणि तो नियम? पुढच्या थंडीत त्याच पाहुण्यांच्या पत्नीने शाळेतल्या सगळ्या मुलींना निळे स्वेटर दिले. अण्णांनी सभेत त्यांचे आभार मानले आणि म्हणाले की थंडीत व्यायाम करताना लोकरीचा कपडा फार आवश्यक असतो. पुन्हा टाळ्या पडल्या. मी हे ऐकायला हजर होते. तेव्हाही मी काही बोलले नाही. एकदा गप्प बसलं की पुढचं गप्प बसणं फार सोपं जातं.

मी शिकले, मास्तरीण झाले. तळेगावच्या शाळेत आहे. थंडीत मुलींची कवायत घेते तेव्हा जिच्याकडे जे असेल ते मुली घालून येतात आणि कवायत संपली की आधी सगळ्या अंगावर पांघरतात, मगच हजेरी होते. इतर बाई हसतात. माझी रांग बाजारासारखी दिसते.

गेल्या नाताळच्या सुट्टीत लोणावळ्याला आले होते. अण्णा आता थकले आहेत. नमस्कार सुटले, फ्लॅनेल तेवढं राहिलं आहे. मी डॉक्टरांचं ऐकून रोज सकाळी कुसगावच्या वाटेने चालायला जायची. त्या दिवशी परतीचा चढ होता, अंग तापलं म्हणून मी कोट काढून हातावर घेतला होता. समोरून, उताराने, एक बाई रिकाम्या कासंड्या घेऊन येत होती, घोंगडीची खोळ घेतलेली. जवळ आल्यावर ती थांबली म्हणून मीही थांबले.

‘तुमी अण्णांच्या न्हवं?’ ती म्हणाली.

मी ओळखलं. चेहरा रापला होता, दोन दात गेले होते, पण उभं राहणं तेच होतं. मी तिला मुलंबाळं विचारली. चार. दूध कोण घालतं? मीच घालते, बाबा गेला. मोठी मुलगी शाळेत जाते का? ‘आमच्या गावात अजून पोरींला शाळा कुटं हाय?’ ती म्हणाली. मी निघायला हवं होतं. निघाले नाही. पंधरा वर्षं जे पोटात होतं ते अचानक तोंडावर आलं.

‘त्या दिवशी माझ्या अंगात लोकरीची बंडी होती,’ मी म्हणाले. ‘आतून. रोजच असायची.’

‘ठावं हाय की,’ ती म्हणाली.

‘ठाऊक होतं?’

‘जोडीत कंबर धरायची न्हाई का मी? पयल्याच दिशी हाताला लागलं. मग मी रोज तितं हात शेकायची. तुमी म्हनायच्या, हिला ताल न्हाई.’ ती हसली. हसण्यात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं.

‘मग तू सांगितलं का नाहीस? बाईंना, तुझ्या बाबांना? त्या दिवशी आमच्या अंगणात तरी?’

‘सांगितलं असतं तर तुमचीबी काढली असती. दोघी कुडकुडलो असतो. त्यात काय?’ तिने खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग माझ्याकडे बघून, इतका वेळ जे तुमी-तुमी चाललं होतं ते सोडून, वर्गात बोलायची तशी म्हणाली, ‘मला वाटलं, तू सांगशील. तुला इचारलं तवा मी लय आशेनं पायलं तुज्याकडं.’

वारा सुटला होता आणि पाठीवरचा घाम गार पडत होता. तिने ते पाहिलं.

‘कोट घाला,’ ती म्हणाली. पुन्हा तुमी झालं होतं. ‘घामेजलेल्या हुभ्या ऱ्हाऊ नका.’

मी तिच्यासमोर कोट घातला आणि बटणं लावली. ती उताराने निघून गेली.